कण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीची बलपरीक्षा : हेमलकशाकडील रुग्णाच्या संदर्भात

पाठीच्या कण्यात दबलेली नस शस्त्राने मोकळी करता येते. मात्र तोच रुग्ण तीन महिन्यांनी शेतावर जाईल की खाटेवरच राहील, हे केवळ शस्त्रकर्मावर ठरत नाही. ते बऱ्याच अंशी रुग्णाने सोबत आणलेल्या बलावर ठरते. गेल्या पंचवीसएक वर्षांत आधुनिक शल्यशास्त्राने या विषयाकडे विशेष लक्ष दिले असून, अशा क्षीणावस्थेस तेथे ‘फ्रेल्टी’ ही संज्ञा आहे. ‘हे सर्व आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे मात्र योग्य नव्हे. काय पाहावे हे ग्रंथांनी सांगितले. किलोग्रॅम आणि सेकंद यांत ते मोजण्याचे श्रेय आधुनिकांचेच आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भाव सांगितले, ते वैद्यबंधूंना मुखोद्गत असतील. त्यांतील दोन मुद्दे येथे महत्त्वाचे. पहिला असा की, नुसते शरीर पाहून बलाचा निर्णय करू नये. धिप्पाड माणूस अल्पबल असू शकतो आणि कृश माणूस मुंगीसारखा मोठा भार वाहू शकतो. दुसरा असा की, व्यायामशक्तीची परीक्षा कर्मशक्तीवरून करावी, म्हणजे रुग्ण प्रत्यक्ष किती काम करू शकतो यावरून.

सन २००१ मध्ये अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी पाच लक्षणे निश्चित केली : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची दुर्बल पकड, मंद चाल आणि अल्प हालचाल. यांतील तीन वा अधिक असल्यास व्यक्ती क्षीण, एक वा दोन असल्यास क्षीणतेच्या उंबरठ्यावर. कण्याच्या शस्त्रक्रियांच्या अनेक अभ्यासांत असे आढळले की, क्षीण रुग्णांत उपद्रव अधिक होतात, रुग्णालयातील मुक्काम लांबतो आणि घरी परतून स्वावलंबी होण्यास विलंब लागतो. केवळ वयावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा हा अंदाज पुष्कळदा सरस ठरतो.

तथापि कण्याच्या रुग्णात एक अडचण आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. कंबरेतील नाडीमार्ग संकुचित झालेला रुग्ण हळू चालतो तो दुखण्यामुळे. त्याची मंद चाल हे व्याधीचे लक्षण आहे, बलक्षयाचे असेलच असे नाही. अशा वेळी हाताची पकड अधिक विश्वसनीय, कारण कंबरेतील विकृती हातापर्यंत पोहोचत नाही. याउलट मानेतील मज्जारज्जू दबला असेल, तर पकडच व्याधीने दुर्बल होते. तेथे पकडीवरून एकंदर बलाचे अनुमान काढणे चूक. विकृती आणि बल यांची परीक्षा वेगवेगळी करण्यास शास्त्र का सांगते, हे येथे स्पष्ट होते.

पकड मोजण्यासाठी डायनॅमोमीटर हे साधे यंत्र मिळते. रुग्णास बसवून, कोपर काटकोनात ठेवून, किमान दोनदा दाबावयास लावावे व मोठा आकडा घ्यावा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ किलोपेक्षा व स्त्रियांसाठी १८ किलोपेक्षा कमी पकड ही दुर्बल मानली. हे आकडे वनवासी माणसास जसेच्या तसे लावताना तारतम्य हवे.

हे तारतम्य हेमलकशाच्या बाबतीत विशेष लागते. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड परिसरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया गोंडांच्या वैद्यकीय सेवेस वाहून घेतले. या भागातील वृद्धाची जन्मतारीख बहुधा नोंदलेली नसते; शरीर सडपातळ, वजन कमी. शहरातील तक्ता लावला तर तो पहिल्याच दृष्टीस क्षीण ठरेल. म्हणून विचारावे ते असे : गेल्या पावसाळ्यात नांगर धरला का? मोळी किती अंतर आणली? हे काम केव्हापासून सुटले, आणि दुखण्याने सुटले की दमाने? यासोबत पांडुरोग, हिवताप, क्षय यांचा इतिहास घ्यावा. गडचिरोलीत सिकलसेल आढळतो. त्याची चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी झालीच पाहिजे, कारण अशा रुग्णास भूल देताना निर्जलता, गारठा व प्राणवायूची उणीव घातक ठरते. शिवाय सिकलसेलची वेदना कंबरदुखी म्हणूनही येते.

सत्त्वपरीक्षाही विसरू नये. स्वतः बाबांना कण्याच्या व्याधीमुळे बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच हाती उरले. त्या स्थितीत १९८५-८६ मध्ये त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा केली. असे सत्त्व विरळाच. पण खचलेल्या मनाचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर मागे पडतो, हे आधुनिक अभ्यासही मान्य करतात.

बलपरीक्षेचा उपयोग दुर्बलास शस्त्रक्रिया नाकारण्यासाठी नसून त्याची पूर्वकर्मात तयारी करण्यासाठी आहे. वेळ असेल तर चार-सहा आठवडे अग्नी पाहून पुरेसा प्रथिनयुक्त आहार, पांडुरोगाची चिकित्सा आणि अर्धशक्ती व्यायाम द्यावा. बल हे काही अंशी युक्तिकृतही असते. परंतु मूत्र-मलावरील ताबा सुटला, गुदप्रदेश बधिर झाला किंवा पायांतील शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर बल वाढविण्यात एक दिवसही दवडू नये. नागपूर तेथून तीनशे किलोमीटरहून दूर आहे. पावसाळ्यात नाले भरले की अंतर आणखी वाढते.

औषधविक्रेत्या बंधूंस एक स्पष्ट विनंती. कंबरदुखीवर खेडोपाडी विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने वेदना शमते, पण दीर्घकाळ घेतल्यास मांसक्षय व अस्थिक्षय होतो, व्रण भरत नाही आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब एकाएकी कोसळण्याचा धोका राहतो. अशी पुडी दीर्घकाळ घेणाऱ्यास ती एकदम बंद करावयास सांगू नये. पुडीसह शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. लसूण, गुग्गुळ यांचे कल्प आणि अन्य औषधे चालू असल्यास तीही चिठ्ठीत लिहावीत. भूलतज्ज्ञ लसूण-गुग्गुळाचे कल्प साधारणतः दोन आठवडे आधी थांबवावयास सांगतात. त्याच चिठ्ठीत वजन, पकडीचा आकडा, खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास लागलेले सेकंद आणि रुग्ण शेवटचे कोणते काम करीत होता, एवढे लिहिले तर शहरातील शल्यतज्ज्ञास रुग्णाचे पूर्वीचे बल कळेल, आणि परतल्यावर तुलनेसाठी आपल्याकडेही आकडे राहतील.