घराचा विमा आणि वाढता हप्ता



कृष्णाकाठाला पूर नवा नाही. पण २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी जुने अंदाज मोडीत काढले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. तेव्हापासून घराच्या विम्याची चौकशी होते, आणि सोबत तक्रारही, "हप्ता चढतोच कसा?"

याची कारणे दोन. पहिले, बांधकामाचा खर्च. समजा, ६०० चौरस फुटांचे घर पूर्वी फुटाला हजार रुपयांनी, म्हणजे ६ लाखांत उभे राहत होते. आज दीड हजारांनी ९ लाख लागतील. विम्याचा दर तोच राहिला तरी हप्ता दीडपट झाला. दुसरे कारण पुनर्विमा. विमा कंपनीही आपल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे उतरवते. महापुरात मोठी भरपाई द्यावी लागली की पुनर्विमा महागतो आणि तो बोजा शेवटी आपल्यावर येतो.

मग विमा सोडून द्यावा काय? सरकारी मदत मिळेलच, असे काहीजण म्हणतात. २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या पक्क्या घरास १ लाख २० हजार रुपये आहेत. वरच्या हिशेबातील ९ लाखांशी ताडून पाहा.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आली. तिच्यात पुराचे संरक्षण मुळातच आहे. घराचा विमा उतरवला की घरातील सामानासही त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण मिळते.

हप्ता वाचवायचा तर एवढे करावे. जागेची किंमत धरू नये. जमीन वाहून जात नाही, फक्त बांधकामाचा खर्च धरावा. मात्र रक्कम मुद्दाम कमीही लावू नये, कारण भरपाई त्या रकमेपुरतीच मिळते. दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी एकदम घेता येते, तीही विचारून पाहावी. जनावरे व पीक यात येत नाहीत. त्यांचा विमा वेगळा.

नुकसान झालेच तर कंपनीस ताबडतोब कळवावे, फोटो काढावेत, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेले सामान टाकू नये. पॉलिसीचा कागद वरच्या फळीवर ठेवावा. आणि मुख्य म्हणजे हे काम पावसाळ्याआधी उरकावे. पाणी उंबऱ्याला लागल्यावर विमा कोण देणार?