वाचा बसली, तरी शब्द शिकता येतात

‘अंगावरून वारं गेलं आणि वाचा बसली’ हे वाक्य आपल्या गावांत नवे नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते, ‘आता त्यांना काही कळत नाही.’ पहिले वाक्य खरे असते. दुसरे बहुतेक वेळा खोटे असते आणि त्याचे परिणाम फार वाईट होतात. घरचे लोक त्या माणसाशी बोलणे सोडतात. लग्नकार्य, शेतीवाडी, वाटणी यांत त्याला कोणी विचारीत नाही. अर्धांगवायूच्या साधारण दर तीन रुग्णांपैकी एकाला हा वाचाघात होतो. म्हणून या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हा शिक्षकांना अगत्याचे वाटते.

वाचाघात म्हणजे वेड नव्हे आणि विसराळूपणाही नव्हे. बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात भाषेचे केंद्र असते. तिथला रक्तपुरवठा तुटला की बोलणे, समजणे, वाचणे, लिहिणे यांपैकी काही ना काही बिघडते. अशा माणसाला तांब्या दिला तर तो पाणी पितो. तांब्या म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक असते. पण ‘तांब्या’ हा शब्द तोंडी येत नाही, किंवा त्याऐवजी ‘वाटी’ येतो. वस्तू डोक्यात आहे, शब्दही बहुधा आहे; तिथे पोहोचण्याची वाट मोडली आहे.

पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली असाच एक रुग्ण जगापुढे आणला. लबोर्न नावाच्या या माणसाला अनेक वर्षे ‘टॅन’ या एकाच अक्षराखेरीज फारसे काही बोलता येत नव्हते, पण त्याला बोललेले बरेचसे समजत होते आणि हातवाऱ्यांनी तो उत्तरे देई. पुढे १८७४ साली जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार दाखवला. त्यात माणूस भरभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला नीट कळत नाही.

कोणती भाषा आधी परतते?

सीमाभागात हा प्रश्न फार जवळचा आहे. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत आणखी वेगळी अशी माणसे घरोघर आहेत. फ्रान्सच्या रिबो यांचे म्हणणे होते की आधी शिकलेली भाषा अधिक टिकते. पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटले की आजारापूर्वी जी भाषा जास्त वापरात होती ती आधी परतते. पुढच्या अभ्यासातून दिसले की दोन्ही नियम सर्वांना लागू पडत नाहीत. पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात. काहींची एकच सुधारते.

यातून व्यवहाराचे दोन धडे निघतात. पहिला असा की माणसाची तपासणी त्याच्या सर्व भाषांत व्हायला हवी. केवळ कानडीत किंवा हिंदीत चार प्रश्न विचारून ‘समजत नाही’ असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. रुग्ण घरात कोणती भाषा बोलत होता, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आपणहून सांगावे. दुसरा धडा घरच्यांसाठी. ‘पाणी’ म्हणताना ‘नीरु’ हा कानडी शब्द बाहेर पडला तर तो चूक मानू नये. मागणी कळली ना? मग पाणी द्यावे आणि ‘हो, पाणी’ असे सहज म्हणावे.

स्मरण आणि नवे शब्द

ऐकलेला शब्द उच्चारण्यापूर्वी काही क्षण मनात धरून ठेवावा लागतो. वाचाघातात ही धरून ठेवण्याची शक्ती पुष्कळदा कमी होते. लांब वाक्य सुरुवातीपासूनच निसटते आणि आपण समजतो की माणसाला कळत नाही. पण शिकण्याची शक्ती मात्र अनेकांत शिल्लक असते. फिनलंडमधील संशोधकांनी वाचाघात झालेल्यांना आता कोणाच्या वापरात नसलेल्या जुन्या शेती-अवजारांची चित्रे दाखवून त्यांची अनोळखी नावे शिकवली. काहींनी ती शिकली आणि काही महिन्यांनंतरही त्यांतली काही नावे त्यांच्या लक्षात होती. कानाने ऐकलेला शब्द ज्याच्याजवळ टिकत नाही, त्याला तो लिहून दाखवला की टिकतो, असेही आढळले आहे.

वर्गात मुलाला शब्द शिकवताना जे आम्ही करतो त्यातले बरेचसे इथेही उपयोगी पडते. एका वेळी पाच-सहा रोजचे शब्द घ्यावेत. चित्र किंवा खरी वस्तू समोर ठेवावी, अक्षर लिहावे आणि ती कुठे असते, कशाला लागते हे बोलावे. शब्द न सुचल्यास ‘तां...’ असा पहिला आवाज द्यावा. चुकीचे अंदाज बांधायला लावण्यापेक्षा बरोबर शब्द सांगून म्हणवून घ्यावा. मग तोच शब्द एका मिनिटाने, पाच मिनिटांनी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी विचारावा. एका बैठकीत पन्नास वेळा घोकण्यापेक्षा असे अंतर ठेवून उजळणी केलेली अधिक टिकते.

आणखी एक गोष्ट. वार, पाढे, आरती, हरिपाठ हे वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून पुष्कळदा सहज निघते. सुराचा आधार घेऊन बोलणे परत आणण्याचा उपचारही १९७३ पासून प्रसिद्ध आहे. तेव्हा भजनाला त्यांना घेऊन बसावे. मात्र एवढ्यावर थांबू नये. पाठ असलेले म्हणणे आणि मनातले बोलणे यांत फरक आहे.

तज्ज्ञांची मदत दूर आहे, हे खरे. मैसूरची वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हे काम करते; दोन्ही आपल्या खेड्यांपासून लांब. म्हणूनच आम्ही समितीत असे सुचवले आहे की गावागावांतील वाचनालयांनी रोजच्या वस्तूंची मोठ्या अक्षरांतील मराठी चित्रपत्रे तयार करून ठेवावीत. खर्च पुठ्ठ्याचा आणि शाईचा. चित्रे आमचे विद्यार्थी काढतील.

आणि वाचकहो, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. सीटी स्कॅन असलेले इस्पितळ गाठा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला हे सांगा. माणूस घरी परतल्यावर मात्र घाई करू नका. प्रश्न विचारा, थांबा, उत्तराची वाट पाहा. शब्दाला यायला वेळ लागतो.