दुरुस्त न करता बदलूनच का देतात?

नवी इस्त्री चार महिन्यांत तापेनाशी झाली, की आपण ती पावतीसकट दुकानात घेऊन जातो. पुष्कळदा ती कुणी खोलूनही पाहत नाही. जुनी ठेवून घेतात आणि खोक्यातली दुसरी आपल्या हातात देतात. आपण खूश! ‘कंपनी चांगली आहे हो,’ असं चारजणींना सांगतोही. पण एवढी उदारता कशासाठी, याचा कधी विचार केलाय?

हिशेब आपल्या घरखर्चाच्या वहीइतकाच साधा आहे. कारखान्यात एकसारख्या हजारो इस्त्र्या ओळीने तयार होतात. त्यामुळे एकेकीवर मजुरी थोडी पडते. दुरुस्तीचं तसं नाही. समजा, इस्त्री ८०० रुपयांची आहे. कंपनीला ती त्याहून बरीच कमी पडलेली असते. ती दुरुस्त करायची म्हणजे जाणत्या कारागिराने उघडायची, बिघाड शोधायचा, भाग बदलायचा, पुन्हा तपासायची. शिवाय ने-आण आणि गावोगावी सुट्या भागांचा साठा. एवढं करून पंधरा दिवसांत पुन्हा बिघडली, तर खर्च दुप्पट आणि गिऱ्हाईक नाराज! त्यापेक्षा दुसरी दिलेली परवडते. त्यातून हल्ली काही वस्तू स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेल्या असतात. त्या मोडल्याशिवाय उघडतच नाहीत.

फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या बाबतीत मात्र हाच हिशेब उलटा होतो. वस्तू महाग, हलवायला अवघड. म्हणून तिथे माणूस घरी येतो आणि बिघडलेला भाग तेवढा बदलतो.

तेव्हा बदलून मिळणं हे काही उपकार नव्हेत. आणि मुदत संपली, की हाच हिशेब आपल्या अंगावर येतो. ‘ताई, याचे पार्ट मिळत नाहीत, नवीनच घ्या,’ हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही? म्हणून घेतानाच विचारावं: सुटे भाग मिळतात का? दुरुस्ती आपल्या गावात होते का? चार पैसे जास्त पडले तरी दुरुस्त होणारी वस्तू शेवटी स्वस्त पडते.

बदलून घेतानाही घाई नको. आपण जिला गॅरंटी म्हणतो, त्या वॉरंटीचा कागद नीट वाचा. बहुधा नव्या वस्तूची मुदत नव्याने सुरू होत नाही, पहिल्या खरेदीपासूनच मोजतात. काही कंपन्यांच्या अटींत दुरुस्त केलेली जुनी वस्तू देण्याचीही सोय असते. तेव्हा तसं स्पष्ट विचारा. नव्या वस्तूचा नंबर आणि तारीख पावतीवर लिहून घ्या. मिक्सर असेल तर भांडी द्यायची की नुसती मोटर, तेही विचारा. मोबाईल असेल तर फोटो उतरवून घ्या आणि बँकेची माहिती पुसून टाका.

कुणी टाळाटाळ केलीच, तर गप्प बसू नका. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सल्ल्यासाठी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो.

मात्र त्यासाठी पावती हवी! डब्यात, कपाटात, कुठेही ठेवा. पण वस्तू आहे तोवर ती जपून ठेवा.