एका मणाची चार हजार वर्षं

परभणीच्या मोंढ्यात आज मण उरलेला नाही. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, पट्टीवर क्विंटल आणि किलो लिहिले जातात, सोयाबीन-तुरीचा पुकारा क्विंटलवर होतो. पण मोंढ्याचं फाटक ओलांडलं की मण पुन्हा भेटतो. धसका घेतलेल्या माणसाचे पाय मणामणाचे होतात. नवसाला सव्वा मणाचा नैवेद्य बोलला जातो. वजन कायद्याने गेलं, बोलण्यातून गेलं नाही.

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी तिथे पानी, कोण तिथे कोन. त्यामुळे धान्याचा मण आणि माणसाचं मन एकाच उच्चारात येऊन बसतात. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं एकाच घरातले. प्रत्यक्षात एक परदेशातून मालाबरोबर आलेला पाहुणा आहे आणि दुसरा घरचा वारस.

आधी पाहुण्याची हकिगत. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या काठी, आजच्या इराकमध्ये, चार हजार वर्षांपूर्वी ‘मना’ नावाचं वजन चालत होतं. ६० शेकेलांचा एक मना, साधारण अर्ध्या किलोचा, आणि असे ६० मना म्हणजे त्यांचं सर्वांत मोठं वजन. तिथून तो शब्द ग्रीकांकडे गेला. त्यांनी त्याला ‘म्ना’ म्हटलं, रोमनांनी ‘मिना’. बायबलमध्ये बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर अक्षरं उमटल्याची कथा आहे. त्या गूढ शब्दांतले पहिले दोन म्हणजे हेच वजन, असा अर्थ अभ्यासक लावतात. आपल्याकडे ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातल्या ७८व्या सूक्तात सोन्याच्या ‘मना’चा उल्लेख येतो. तो बाबिलोनी वजनाचाच का, यावर पंडितांचं अजून एकमत नाही.

पुढे अरबीत हा शब्द ‘मन्न’ झाला, फारसीत ‘मन’, आणि व्यापाराच्या वाटांनी आशियाभर पसरला. नाव एकच राहिलं, भार मात्र गावोगाव बदलला. इराणातला तब्रिझी मन जेमतेम तीन किलोंचा. अकबराचा मण ४० शेरांचा, आजच्या हिशेबाने सुमारे २५ किलोंचा. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा ठरवला. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण धरला की तो भरतो ३७.३२ किलो. तरीही जुन्या मुंबईच्या बाजारात २८ पौंडांचा मण चालायचा आणि मद्रासेत २५ पौंडांचा. म्हणजे ‘एक मण’ या बोलीवर सौदा करणाऱ्या परमुलखातल्या व्यापाऱ्याने आधी ‘कुठला मण?’ हे विचारायलाच हवं होतं.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तिथे मणाच्या जोडीला १२० शेरांचा, म्हणजे तीन मणांचा ‘पल्ला’ होता. धान्य तोलण्यापेक्षा मापण्याचीच रीत जास्त. चार शेरांची पायली. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. आणि वीस मणांची खंडी. खळ्यावर मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचा आणि पुढे दोन, तीन मोजायचा. माप शिगोशीग भरायचं की सपाट, हातानं रेटायचं की लाकडानं, यावर शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार ते ठरे. मणाच्या या सैलपणात सावकाराची आणि आडत्याची सोय होती, तोटा कुणब्याचा होता.

हा सैलपणा मोडण्यासाठी १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम लागू होऊ लागले आणि मण-शेर मागे पडले. त्यांच्या जागी बसलेला क्विंटल तरी घरचा कुठे आहे? लॅटिनमधल्या ‘शंभर’पासून निघालेला हा शब्द अरबीत ‘किंतार’ झाला, तिथून युरोपात परतला आणि फ्रेंचांच्या मेट्रिक पद्धतीबरोबर आपल्या मोंढ्यात उतरला.

एका धंद्यात मात्र मण अजूनही लपून बसला आहे. दसरा-दिवाळीला परभणी, मानवत, सेलूच्या बाजारात कापूस येऊ लागतो. शेतकऱ्याला भाव क्विंटलचा मिळतो. पण सरकी काढून रुई झाली की तिचा भाव खंडीवर बोलला जातो, आणि ही खंडी ३५६ किलोंची. हा आकडा आला मुंबईच्या जुन्या कापूस बाजारातून. २८ पौंडांचे २८ मण म्हणजे ७८४ पौंड, म्हणजेच ३५५.६ किलो. १७० किलोंच्या गाठी बांधणाऱ्या आजच्या जिनिंगमध्ये, मोबाईलवर भाव पाहणारा व्यापारी नकळत तो जुना मणच मोजतो आहे.

इंग्रजीत हाच मण ‘माउंड’ झाला, तो पोर्तुगिजांच्या ‘मांव’वरून. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ हात. लॅटिनच्या ‘मानुस’पासून, म्हणजे हातापासून, तो आला. ऐकलेलं परकं वजन त्यांनी आपल्या ओळखीच्या शब्दात बसवलं. इंग्रजीत ‘माउंड’ नावाची एक टोपलीही होती, तिचं मूळ निराळंच.

आता घरचा वारस. ‘मन’ संस्कृतातल्या ‘मन्’ या धातूचं, म्हणजे विचार करणं. लॅटिनमधला ‘मेन्स’ आणि इंग्रजीतला ‘माइंड’ त्याचे लांबचे भाऊबंद. इंग्रजीतला ‘मॅन’ आणि आपला मनू यांचंही नातं अभ्यासक जोडतात. मान म्हणजे सन्मान, तोही याच धातूचा. पण ताठ राहणारी मान, गळ्यामागची, ती संस्कृत ‘मन्या’पासून आली. मानेचा मणका मात्र ‘मणि’ या शब्दाचा. आपण एका दमात म्हणतो, ‘मानानं मान वर केली’, आणि त्यात दोन वेगळ्या कुळांतले शब्द शेजारी बसलेले असतात. मराठीत मनाला घराघरांत नेलं संतांनी. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणाच्या कामातून ते बोलतं केलं. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांनी त्याला उद्देशून २०५ श्लोक लिहिले.

निजामाच्या राज्याने परभणीच्या कानावर आणखी काही ‘मन’ घातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्या दरबाराचा कारभार फारसीत चाले, आणि फारसीत ‘मन’ म्हणजे ‘मी’. हा आपल्या ‘मम’चा नातलग. त्याच भाषेत वजनही ‘मन’च, पण त्या दोघांत नातं काही नाही. अरबीत ‘मन’ म्हणजे ‘कोण’. कुराणात आणि बायबलमध्ये वाळवंटातल्या इस्रायलींना आकाशातून मिळालेलं अन्नही ‘मन्न’ किंवा ‘मान्ना’. उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘मन्न-ओ-सलवा’ आजही ऐकू येतं. हैदराबादेच्या तेलुगूत ‘मन’ म्हणजे ‘आपलं’, बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं मिळून. निजामाच्या मुलखाबाहेर गेलं तर तमिळमध्ये ‘मण्’ म्हणजे माती. कोरियनमध्ये ‘मान’ म्हणजे दहा हजार, चिनीत ‘मान’ म्हणजे सावकाश.

इतक्या अर्थांतून एक धडा घ्यावा. नुसत्या नादावरून शब्दांची सोयरीक जमवू नये. समाजमाध्यमांवर रोज कोणीतरी इंग्रजी, अरबी किंवा तमिळ शब्द संस्कृतातून काढून दाखवतो आणि पुरावा म्हणून फक्त सारखा आवाज पुढे करतो. तोंडाला करता येतील असे सोपे नाद थोडेच, त्यामुळे ‘मन’सारखा शब्द अनेक भाषांत आपापला तयार होणारच. नातं ठरतं ते जुन्या रूपांवरून, ध्वनिबदलाच्या नियमांवरून आणि माल कुठून कुठे गेला या इतिहासावरून. ‘माइंड’ आणि मन दिसायला लांब, पण रक्ताचे. मन आणि मण जवळचे वाटतात, पण परके.

हा इतिहास अजून अर्धा लिहायचा आहे, आणि त्याची साधनं परभणी जिल्ह्यातच पडून आहेत. जुन्या आडत दुकानांच्या माळ्यांवर मोडी आणि उर्दूतल्या खतावण्या, रोजमेळ असतील. कुठल्या गावचा मण किती पायल्यांचा, पल्ला कशाला म्हणत, हे सांगणारी पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने ही मापं, त्यांची नावं आणि त्यांचे गावोगावचे फरक नोंदवून ठेवावेत. आणि वाचकांनो, यंदा वहीपूजनाच्या आवराआवरीत आजोबांची एखादी जुनी वही हाती लागली, तर ती रद्दीवाल्याच्या काट्यावर घालण्याआधी एखाद्या मोडी जाणणाऱ्याला दाखवा.