जांभा: पाण्याने घडविलेला दगड

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलुखात ज्या दगडाने घरांच्या भिंती चढल्या, आगरांचे गडगे रचले गेले आणि विजयदुर्गाचे तट उभे राहिले, त्या जांभ्याविषयी तेथील चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाचीही अशी दृढ समजूत आढळते की, हा ज्वालामुखीत भाजून निघालेला दगड असून त्याच्या अंगावरील भोके म्हणजे तप्त रसातून निसटलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या खुणा होत. काळ्या बेसॉल्टमधील पोकळ्या खरोखरच अशा रीतीने झालेल्या असतात, आणि कोकणातील बराचसा जांभा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच बेसॉल्टवर पसरलेला असल्यामुळे हा घोटाळा होणे स्वाभाविकही आहे.

परंतु कंपनी सरकारच्या चाकरीतील वैद्य फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात ज्या दगडाचे ‘लॅटराइट’ या नावाने वर्णन केले, तो त्याने मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिला होता, आणि तेथे दख्खनच्या लाव्हाचा एकही थर नाही. तेथील मूळ खडक लाव्हाहून कितीतरी पुराणा, भूगर्भात खोलवर रूपांतर पावलेला आहे. आपल्या सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागातही जांभ्याखाली ठिकठिकाणी प्राचीन नाईस आढळतो. मातृखडक निरनिराळे आणि वर चढलेले कवच मात्र एकाच जातीचे, असे जेथे दिसते, तेथे त्या कवचाचे कारण खडकाच्या जन्मात शोधण्यापेक्षा त्याच्यावर कोसळलेल्या पावसात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मातीतील कुजत्या पाचोळ्यातून निघालेला, कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, आणि उष्ण कटिबंधातील दमट उबेत हे सौम्य आम्ल खडकातील खनिजांचा वर्षानुवर्षे भेद करीत राहते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये प्रथम विरघळून ओढ्यानाल्यांवाटे समुद्रास मिळतात. त्यांच्या मागोमाग, पण फार संथपणे, सिलिका जाते, जी मूळ बेसॉल्टमध्ये वजनाने सुमारे निम्मी असते. आणि साध्या पाण्यात जवळजवळ न विरघळणारे लोह व ॲल्युमिनियम तेवढे, गाळणीत चोथा उरावा तसे, मागे उरते. जेथे या शेषात ॲल्युमिनियमचे प्राबल्य होते तेथे बॉक्साइट तयार होते, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी व शाहूवाडी या तालुक्यांतील पठारांवर ते मिळते, याचे कारण हेच होय.

तथापि नुसत्या पावसाने कातळ होत नाही. पावसापाठोपाठ कोरडा ऋतूही यावा लागतो. चातुर्मासात भूजलाची पातळी वर चढते, जमिनीतील प्राणवायू उणावतो, आणि लोह विद्राव्य रूप धारण करून थोडेबहुत इकडेतिकडे सरकते. पुढे पाणी खाली उतरले आणि रंध्रांतून हवा शिरली की तेच लोह तांबड्या-पिवळ्या ऑक्साइडच्या रूपाने कायमचे ठाण मांडून बसते. असे असंख्य वेळा घडल्यावर लोहाची एक सलग जाळी निर्माण होते, आणि तिच्या मधली मऊ माती धुपून गेली की जी पोकळी उरते तीच ती भोके होत. या कवचाखाली ठिपकेदार मातीचा, त्याखाली पांढुरक्या चिकणमातीचा आणि सर्वांत तळाशी अर्धवट कुजलेल्या खडकाचा थर लागतो, हा क्रम कोणत्याही खोल विहिरीच्या अंगावर डोळसपणे पाहणाऱ्यास वाचता येतो. सुमारे १३०० मीटर उंचीवरील पाचगणीचे पठार आणि रत्नागिरीजवळचे समुद्रालगतचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, हे मात्र एकाच अखंड चादरीचे तुकडे मानू नयेत. घाटमाथ्यावरील कवच अधिक पुरातन असून कोकणातील कवच कोकणपट्टी घडल्यानंतरचे आहे.

दुसरी समजूत अशी की, जांभ्याचा चिरा उन्हात भाजल्यामुळे विटेसारखा पक्का होतो. खाणीतून ताजा काढलेला चिरा हत्याराने सहज तासला जातो आणि उघड्यावर ठेवल्यास टणक होतो, हे बुकाननने पाहिले होते आणि आजचा पाथरवटही तेच सांगेल. परंतु ऊन येथे फक्त ओल काढून टाकण्याचे काम करते. ओल गेली की लोहाची जलयुक्त ऑक्साइडे स्फटिकरूप घेऊन एकमेकांत गुंततात आणि मग पुन्हा भिजूनही मऊ होत नाहीत. याच निरीक्षणावरून, उष्ण कटिबंधातील अरण्य तोडले की तेथील जमीन काही वर्षांत दगड बनते, असे भय गेल्या शतकात पुष्कळ पसरले होते. ज्या भूमीत लोहसंपृक्त मऊ थर आधीपासूनच आहे आणि धूप होऊन तो उघडा पडतो, तेथेच असे घडते. उष्ण कटिबंधातील बहुसंख्य जमिनींत असा थर नाही, आणि तांबडी दिसणारी प्रत्येक माती जांभ्याची नसते. जंगलतोडीने होणारी हानी धुपीची आहे आणि ती पुरेशी भयंकर आहे. तिला चुकीच्या कारणाचा टेकू देण्याची गरज नाही.

सर्वांत अधिक नुकसान मात्र तिसऱ्या समजुतीने केले आहे, आणि ती सरकारी दप्तरातच नोंदली गेली आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर सड्यापुढे ‘पोटखराब’ असा शेरा असतो आणि तो वाचून सडा म्हणजे निरुपयोगी ओसाड, असे गृहीत धरले जाते. ही माती आम्लधर्मी आहे, तिच्यातील लोह आणि ॲल्युमिनियम घातलेल्या खतातला स्फुरद बांधून ठेवतात, हे खरे; पण कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून लावलेल्या हापूसच्या आणि काजूच्या बागा याच सड्यांवर उभ्या आहेत, आणि पाण्याचा निचरा झटपट होणे हा त्यांना या दगडाचा लाभ आहे. नत्राच्या दुष्काळामुळेच तर सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती येथे फुलतात. जांभ्याचेच कवच असलेले कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात गणले जाते. कशेळी आणि बारसूच्या सड्यांवर प्रागैतिहासिक मानवाने कोरलेल्या आकृती हजारो वर्षांच्या पावसानंतरही स्पष्ट दिसतात, त्या या कवचाच्या चिवटपणामुळेच.

पाण्याचे म्हणाल तर, सडा पाणी पिऊन टाकतो हे गाऱ्हाणे अर्धेच खरे आहे. छिद्रमय कवचातून उतरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते, आडवे वाहते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातील कितीतरी वाड्या आणि देवराया याच झऱ्यांच्या आश्रयाने वसल्या आहेत. वरचे कवच चिरेखाणीने खरवडून नेले की पाणी साठवणारा थरच नाहीसा होतो, आणि मग धो धो पाऊस पडणाऱ्या गावात वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते.

जांभा अभेद्य आहे, असाही एक भरवसा असतो. जुन्या गोव्यातील बाँ जेझू चर्चच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून उघड्या पडलेल्या चिऱ्यांची पावसाने होणारी झीज हा तेथील जतनकार्याचा प्रमुख प्रश्न होऊन बसला आहे. जुने गवंडी जांभ्यावर गिलावा चढवीत ते शोभेखातर नव्हे.

काही मीटर जाडीचे हे कवच तयार होण्यास लक्षावधी वर्षे लागतात आणि यंत्राच्या खाणीत ते काही हंगामांत संपते. तेव्हा चिरेखाणीचा परवाना देण्यापूर्वी महसूल खात्याने सड्याखालचे झरे, सड्यावरच्या वनस्पती आणि कातळशिल्पे यांची पाहणी करून ती दप्तरी नोंदवावी, आणि ग्रामसभांनी ती नोंद झाल्यावाचून संमती देऊ नये.