मळलेले कापडी बूट

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे गाव खाडीकाठच्या मुलखात वसले आहे. आषाढात तिकडे पाऊस कोसळू लागला, की शाळेत जाणाऱ्या मुलांचे बूट दोन प्रकारच्या चिखलांनी माखतात. एक खाडीकडचा काळा, चिकट व खारट. दुसरा रस्त्यावरील मुरमाचा, तांबूस. पुष्कळ घरी मुलाला बुटांचा एकच जोड असतो आणि तो वर्षभर पुरवायचा असतो. तो धुवावा कसा?

बूट तसेच बादलीत बुडविण्याची घाई करू नये. ओल्या चिखलाचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर कापडाच्या विणीत अधिकच खोल शिरतात. चिखल आधी वाळू द्यावा. वाळताना तो आकसतो, त्याला तडे जातात आणि दोन्ही बुटांचे तळवे एकमेकांवर आपटले, की त्याच्या खपल्या गळून पडतात. उरलेला जुन्या ब्रशाने झाडावा. मग नाड्या व आतला सुकतळा काढून वेगळे धुवावेत.

आता साबण. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, तर दुसरे तेलाला. मळ तेलकटपणामुळे धाग्याला चिकटलेला असतो. साबण तो तेलकट थर सोडवून पाण्यात ओढून नेतो. परंतु विहिरीचे पाणी मचूळ असले म्हणजे फेसच येत नाही. त्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका तयार होतो. आपण साबणाला नावे ठेवतो. दोष मात्र पाण्याचा असतो! अशा दुष्फेन पाण्याऐवजी पागोळ्यांखाली साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे.

मुरमाचे तांबूस डाग साबणाला दाद देत नाहीत, कारण त्यांत लोखंडाचा गंजच असतो. पांढऱ्या कापडावरील अशा डागावर लिंबू चोळून थोडा वेळ ठेवावे. लिंबातील आम्लाने गंज विरघळतो. मात्र लिंबू आणि विरंजक चूर्ण कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

उकळते पाणीही नको. पूर्वी रबर उन्हाळ्यात चिकट होई व थंडीत कडक बने. 1839 साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना गंधकाबरोबर रबर तापविण्याची युक्ती सापडली आणि ते टिकाऊ झाले. तेव्हा तळवा उष्णता बराच सोसतो. पण तो ज्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेला असतो, तो मऊ पडतो आणि तळवा उकलतो.

शेवटचे खळबळणे मुले बहुधा उरकून टाकतात. साबण आत राहिला, तर वाळल्यावर कापड पिवळे पडते. खाडीचे क्षार राहिले, तर ते हवेतील ओलावा ओढून घेतात. बूट दमट राहतो, त्याला बुरशी येते आणि पायाची कातडी सोलवटते. म्हणून निघणारे पाणी नितळ होईपर्यंत बूट गोड्या पाण्यात खळबळावेत. मग आत रद्दीचे बोळे कोंबून ते पडवीत, वाऱ्यावर ठेवावेत. भिजलेले बोळे बदलत जावे. चुलीपाशी किंवा कडक उन्हात रबराला भेगा पडतात.

पावसाळ्यात वाळण्यास दोन दिवसही लागतात. म्हणून हे काम शनिवारी दुपारीच करावे. सोमवारी बूट ओलेच राहिले, तर खुशाल चपला घालून जावे. गुरुजींना कारण सांगितले, म्हणजे ते रागावणार नाहीत.