मुठ्याचे पूर्वज आणि जमिनीची दप्तरे

इंग्लंडमधील कुटुंबाला दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा शोध घ्यायचा असेल तर जनगणनेची मूळ पाने उपयोगी पडतात, कारण १८४१पासून तेथे घरातील प्रत्येकाचे नाव लिहिले गेले, १८५१पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते व जन्मगावही नोंदवले गेले आणि शंभर वर्षे उलटल्यावर ही पाने सर्वांना खुली करण्याचा प्रघात पडला. १९२१ची गणना याप्रमाणे २०२२मध्ये खुली झाली. १९३१ची मात्र १९४२च्या आगीत जळून गेली.

मुळशी तालुक्यातील मुठा गावच्या कुटुंबाने हीच वाट धरली तर हाती फारसे काही लागत नाही. त्याच ब्रिटिश राजवटीने हिंदुस्थानात १८७२मध्ये पहिली खानेसुमारी केली आणि १८८१पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. पण वाचकांपर्यंत आले ते छापील गोषवारे, म्हणजे अमुक जातीचे, धर्माचे वा व्यवसायाचे किती लोक याचे आकडे. १९४८च्या जनगणना कायद्यानेही घरोघरच्या नोंदी गोपनीय ठरवल्या आहेत. राज्यकर्त्यांना इथल्या माणसापेक्षा त्याच्या शेतसाऱ्याची चिंता अधिक होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. म्हणूनच मावळातील माणसाचे नाव टिकले ते जमिनीच्या दप्तरात.

या दप्तरातील सर्वांत बोलका कागद म्हणजे फेरफार, अर्थात जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद. खातेदार मरण पावला की वारसाचा फेरफार होतो, त्यात मृताचे नाव, बहुधा मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे नात्यासह येतात, आणि सातबाऱ्यावरील, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावरील, वर्तुळातल्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जात तीन-चार पिढ्या सहज जुळू शकतात. मात्र सातबाऱ्यावरील ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे नजरेआड करू नयेत: ती एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची खूण असून त्या एका नावामागे अनेक भावांचे हक्क असू शकतात, त्यामुळे ज्याचे नाव दिसत नाही तो भाऊ नव्हताच असा निष्कर्ष काढणाऱ्याची वंशावळ तिथेच चुकते. स्त्रियांची गत याहून वाईट आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या नोंदींत मुली क्वचितच आढळतात; विधवा आढळली तरी पुष्कळदा कुणाची तरी बायको म्हणूनच.

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांच्यासाठी गाव नमुना क्रमांक १४ ही जुनी जन्ममृत्यूची नोंदवही अधिक मोलाची ठरते. याच वहीला कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात जातीची नोंद असल्यामुळे कुणबी दाखल्यांच्या निमित्ताने, विशेषतः २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची कुणबी नोंदी शोधणारी समिती नेमली गेल्यापासून, तिला एकाएकी भाव आला. जुन्या नोंदी मोडीत, म्हणजे पूर्वीच्या कारभारातील शीघ्र लिपीत असल्याने वाचणारा जाणकार लागतो. या कागदांत ‘रामजी बिन संभाजी’ अशा धर्तीची नावे येतात. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, हे ठाऊक असले की एकाच ओळीत दोन पिढ्या सापडतात. त्याहून मागे जायचे तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आहे, परंतु तिथे साध्या कुळाचे नाव मिळणे नशिबाचा भाग असतो, वतनदाराचे मिळण्याची शक्यता अधिक. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या, म्हणजे यात्रेकरूंच्या गाववार वंशनोंदी, हे त्याला पूरक साधन आहे, तरी त्या सांगीव माहितीवर उभ्या असल्याने फेरफाराशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

शोधाला निघणाऱ्याने आरंभी हातातल्या सातबाऱ्यावरील गट क्रमांकाचा जुना सर्व्हे क्रमांक मिळवावा, कारण तुकडेजोड होऊन गट पडण्यापूर्वीचे सारे कागद सर्व्हे क्रमांकानेच लावलेले असतात, आणि मगच मुळशी तालुक्याच्या पौड येथील तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज द्यावा.